एकनाथ सोलकर : अकरा जणांतील बारावा



रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात, ठाण्याच्या सेंट्रल मैदानावर किंवा कल्याण-डोंबिवलीतील एखाद्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत मुले क्रिकेट खेळावयास जमतात, तेव्हा पहिले काम गडी मोजण्याचे असते. संख्या सम असेल तर दोन संघ सरळ पडतात. ती विषम असेल तर एक भिडू उरतो आणि आमच्या बालपणापासून चालत आलेल्या रिवाजाप्रमाणे त्याला कॉमन ठरविले जाते. हा कॉमन बिचारा दोन्ही संघांसाठी क्षेत्ररक्षण करतो. त्याला उभे कोठे करावयाचे याबाबत कोणाचाही वाद होत नाही. चेंडू जेथे हमखास हरवतो तेथे, म्हणजे गटाराच्या काठी वा कुंपणाच्या भिंतीपाशी, त्याची रवानगी होते. जादा गडी मिळाला की तो दूर ठेवावा आणि धावा अडवाव्यात, हा आम्हा सर्वांचा सहजभाव आहे.

याच जादा गड्याला दूर न धाडता फलंदाजाच्या अगदी तोंडासमोर उभे केले तर काय होईल? या प्रश्नाचे उत्तर एका मराठी क्रिकेटपटूने कोणताही नियम न बदलता, अकरा जणांच्या संघात राहूनच दिले. त्यांचे नाव एकनाथ धोंडू सोलकर. त्यांना जाऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. आमच्या तरुण वाचकांपैकी अनेकांनी त्यांना खेळताना पाहिलेले नसणार, म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडे विस्ताराने सांगत आहोत.

मात्र आधी जादा क्षेत्ररक्षकाची कल्पना किती जुनी आहे ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये विल्यम क्लार्क यांनी व्यावसायिक खेळाडूंचा एक बलाढ्य संघ उभारला. हा संघ गावोगावी जाऊन सामने खेळे. गावच्या अकरा जणांचा त्याच्यापुढे निभाव लागणे शक्य नसल्याने यजमानांना बावीस गडी घेण्याची मुभा असे आणि क्षेत्ररक्षणासही ते सारे उतरत. १८६२ च्या पहिल्या दिवशी मेलबर्न येथे इंग्लिश पाहुण्यांविरुद्ध व्हिक्टोरियाचे अठरा खेळाडू उतरले होते. पुढे बेसबॉलमध्येही हा विचार आला. बेसबॉलमध्ये मैदानात नऊ जण असतात. त्यांतील चेंडू फेकणारा पिचर आणि तो झेलणारा कॅचर सोडले तर सात उरतात. १८७४ मध्ये हेन्री चॅडविक या नामवंत क्रीडालेखकाने दहावा गडी घ्यावा, तो पहिल्या व दुसऱ्या बेसच्या दरम्यान उभा करावा, अशी सूचना मांडली. ती टिकली नाही. सॉफ्टबॉलच्या संथ प्रकारात मात्र आजही दहा जण खेळतात.

या दहाव्या गड्याने डावपेच कसे बदलतील, हे समजण्यास फार गणित लागत नाही. बेसबॉलमध्ये मैदानाचा केवळ काटकोनाएवढा भाग ग्राह्य धरला जातो, त्याबाहेर गेलेला फटका फाऊल ठरतो. एवढ्या भागात सातांचे आठ झाले तर दोघांमधील फटी बुजतात आणि जमिनीलगत मारलेल्या चेंडूला वाट उरत नाही. मग फलंदाज चेंडू उचलून थेट कुंपणापलीकडे टोलविण्याचा प्रयत्न करणार, कारण तेथे कोणाचाच हात पोहोचत नाही. अलीकडे तेथील संगणकी हिशेबाने क्षेत्ररक्षक एकाच बाजूस इतके दाटू लागले की दहावा गडी न घेताही तोच परिणाम दिसू लागला. अखेर २०२३ मध्ये अमेरिकेच्या प्रमुख स्पर्धांत दुसऱ्या बेसच्या दोन्ही अंगांस आतले दोन-दोन क्षेत्ररक्षक असलेच पाहिजेत, असा नियम करावा लागला.

क्रिकेटचे मैदान सर्व बाजूंनी उघडे असते. अकरांतून गोलंदाज आणि यष्टीरक्षक वजा केले की कर्णधाराच्या हाती नऊ जण उरतात आणि त्यांनी हे सारे वर्तुळ सांभाळावयाचे असते. म्हणून येथे जवळचा प्रत्येक गडी महाग पडतो. झेलासाठी एक माणूस फलंदाजाजवळ आणला की तेवढ्याच धावा दुसरीकडे मोकळ्या होतात. कर्णधाराला दिवसभर हाच सौदा करावा लागतो. सोलकरांनी या सौद्याचा भावच बदलून टाकला.

१८ मार्च १९४८ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील धोंडू सोलकर हे मरीन ड्राइव्हवरील पी. जे. हिंदू जिमखान्याचे माळी होते. खेळपट्टी तयार करणे, गवत कापणे, पाणी घालणे, रोलर फिरविणे ही त्यांची कामे. जिमखान्याच्या आवारातच एका खोलीच्या झोपडीवजा घरात हे कुटुंब राहत असे. समोर अरबी समुद्र आणि शहरातील धनिकांची वस्ती, तर मागे माळ्याचे घर, अशा सीमेवर एकनाथचे बालपण गेले. जिमखान्यात सामने असत तेव्हा हा मुलगा धावफलकावरील आकडे बदलत असे. मोठमोठ्या फलंदाजांच्या धावा त्याच्या हातून फलकावर चढल्या. अशा फलकावर एकूण धावा, बाद गडी आणि शेवटच्या फलंदाजाच्या धावा दाखविण्याची सोय असते. झेल कोणी घेतला हे लिहिण्यास मात्र त्यावर जागा नसते.

माळ्याच्या मुलाला मैदान घरचेच असले तरी त्यावर खेळण्याचा हक्क आपोआप मिळत नसतो. तो एकनाथने खेळूनच मिळविला. शालेय क्रिकेटमध्ये त्याचे नाव झाले. १९६४ मध्ये तो भारतीय शालेय संघातून श्रीलंकेच्या, म्हणजे तेव्हाच्या सिलोनच्या, दौऱ्यावर गेला. पुढे १९६५-६६ च्या हंगामात लंडनच्या शालेय संघाविरुद्ध त्याने भारतीय शालेय संघाचे नेतृत्व केले. त्या संघात सुनील गावसकर आणि मोहिंदर अमरनाथ हे होते, एवढे सांगितले म्हणजे त्या नेतृत्वाचे मोल ध्यानात येईल. धाकटे बंधू अनंत हेही प्रथम श्रेणी क्रिकेटपर्यंत पोहोचले. एका माळ्याच्या एकखणी घरातून दोन भाऊ या पातळीवर खेळले, ही गोष्ट आम्हांस आकडेवारीपेक्षा अधिक बोलकी वाटते.

एकनाथ डावखुरा फलंदाज होता. डाव्या हाताने तो मध्यमगती मारा करी आणि प्रसंगी फिरकीही टाकी. मुंबईचा संघ त्या काळी रणजी करंडक सलग जिंकत होता व त्यात शिरकाव मिळणे भारतीय संघात स्थान मिळविण्याहून कमी कठीण नव्हते. त्या संघात जो मनुष्य तिन्ही अंगांनी उपयोगी पडेल त्याला थारा होता. ऑक्टोबर १९६९ मध्ये हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्ध सोलकरांनी पहिली कसोटी खेळली. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते.

आता त्यांच्या जागेविषयी. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाच्या लेग बाजूस, किंचित पुढे, बॅटपासून सात-आठ फुटांवर जो क्षेत्ररक्षक गुडघे वाकवून बसतो त्याला फॉरवर्ड शॉर्ट लेग म्हणतात. ऑफस्पिनरचा चेंडू टप्पा पडल्यावर फलंदाजाच्या अंगाकडे वळतो. तो अडविताना बॅटची आतली कड लागून चेंडू पॅडवर आदळतो आणि हलकेच उडतो. तो जमिनीवर पडण्याआधी उचलणे हे शॉर्ट लेगचे काम. चेंडू ताशी चाळीस किलोमीटर या बेताच्या वेगाने आला तरी अडीच मीटरचे अंतर तो पाव सेकंदाहून कमी वेळात कापतो. डोळ्यांनी पाहून, मनाने ठरवून मग हात पुढे करण्यास तेवढा अवधी पुरत नाही. म्हणून येथील क्षेत्ररक्षकाने चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटल्यापासून त्याची वाट ओळखावी लागते आणि नजर बॅटवर रोखून धरावी लागते. दुसरी अडचण अशी की फलंदाजाने अडविण्याऐवजी चेंडू जोराने फटकावला तर तो सरळ याच्या अंगावर येणार. तेथे बसलेल्या माणसाचा स्वाभाविक कल मान वळवून पाठ फिरविण्याचा असतो. सोलकर मान वळवीत नसत.

हे सारे त्यांनी शिरस्त्राणाशिवाय केले, हे विसरता कामा नये. कसोटी सामन्यात फलंदाजाच्या डोक्यावर आजच्यासारखे हेल्मेट प्रथम आले ते १९७८ मध्ये आणि जवळच्या क्षेत्ररक्षकांनी ते घालण्याची पद्धत त्याच्याही नंतरची. सोलकरांची अखेरची कसोटी जानेवारी १९७७ मधील आहे. बेसबॉलमध्ये मैदानातील प्रत्येकाच्या हातात चामड्याचा मोठा मोजा असतो. क्रिकेटच्या कायद्याने मोजे घालण्याचा अधिकार एकट्या यष्टीरक्षकाला आहे. तेव्हा सोलकर होते ते उघड्या हातांनी आणि उघड्या डोक्याने.

त्या काळी भारताजवळ वेगवान गोलंदाज जवळजवळ नव्हते. नव्या चेंडूची चकाकी घालविण्यापुरती एक-दोघांनी, त्यांत बहुधा सोलकर स्वतः आणि आबिद अली, काही षटके टाकावयाची आणि मग चेंडू फिरकी गोलंदाजांच्या हाती द्यावयाचा, अशी रीत होती. बिशनसिंग बेदी, भागवत चंद्रशेखर, एरापल्ली प्रसन्ना आणि श्रीनिवास वेंकटराघवन या चौघांची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. मात्र फिरकीचा चेंडू मंद असतो. फलंदाजाला पाय पुढे टाकून बॅट व पॅड जुळवून तो निवांतपणे मारून टाकता येतो. ही निवांत सोय काढून घेतल्याशिवाय फिरकीला धार चढत नाही. ती काढून घेण्याचे काम सोलकरांनी केले.

हे कसे घडले ते नीट पाहण्यासारखे आहे. सामान्य कर्णधार ऑफस्पिनसाठी लेग बाजूस जवळ दोन माणसे ठेवी, एक पुढे व एक मागे. सोलकर एकटे पुढे, बाजूला आणि सूर मारून जवळजवळ खेळपट्टीपर्यंत पोहोचत. दोघांची जागा एकाने सांभाळली की कर्णधाराच्या हाती एक मोकळा गडी उरतो. तो मिडविकेटला ठेवून एकेरी धाव तोडता येते किंवा स्लिपमध्ये आणखी एक वाढविता येतो. फलंदाजाच्या बाजूने पाहिले तर भारताचे अकरा नव्हे, बारा जण मैदानात होते. दुसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे. पुढे येऊन बचाव केला तर सोलकर झेल घेणार, या धास्तीने फलंदाज मागच्या पायावर खेळू लागे. मागच्या पायावर खेळणाऱ्याला चंद्रशेखरांचा टप्प्यावरून झपाट्याने आत येणारा चेंडू त्रिफळाचीत किंवा पायचीत करी. फलकावर त्या बळीपुढे सोलकरांचे नाव लागत नसे. तो बळी त्यांनी मिळवून दिलेला असूनही हिशेबात त्यांचा वाटा शून्य. तिसरी गोष्ट गोलंदाजाच्या मनाची. समोर झेलणारा खात्रीचा माणूस आहे हे ठाऊक असले की गोलंदाज चेंडूला अधिक उंची देतो, मधल्या वा लेग यष्टीवर मारा करतो. सोलकरांशिवाय आम्हा चौघांना एवढे यश लाभले नसते, असे बेदी यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले होते.

अर्थात सोलकर एकटे नव्हते. स्लिपमध्ये स्वतः वाडेकर, लेग बाजूस आबिद अली आणि गलीत वेंकटराघवन असे कडे फलंदाजाभोवती पडत असे. भारतीय संघ पूर्वी क्षेत्ररक्षणाच्या ढिलाईबद्दल प्रसिद्ध होता. ती अपकीर्ती या चौघांनी पुसून टाकली.

१९७१ हे वर्ष भारतीय क्रिकेटचे सोनेरी वर्ष. अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली संघ प्रथम वेस्ट इंडिजला गेला. किंग्स्टनच्या पहिल्याच कसोटीत भारताचे पाच गडी ७५ धावांत परतले असता मूळचे मडगावचे दिलीप सरदेसाई आणि सोलकर यांनी सहाव्या जोडीसाठी १३७ धावा केल्या. सरदेसाईंनी २१२ आणि सोलकरांनी ६१ धावा काढल्या. पुढे वेस्ट इंडिजवर फॉलोऑनची नामुष्की आली. पोर्ट ऑफ स्पेन येथील दुसरी कसोटी भारताने जिंकली. वेस्ट इंडिजवरील तो भारताचा पहिलाच कसोटी विजय. या सामन्यात सोलकरांनी अर्धशतक झळकाविले आणि सहा झेल घेतले. ब्रिजटाऊनला पुन्हा सहा बाद ७० अशी दाणादाण झाली आणि पुन्हा हीच जोडी उभी राहिली. या वेळी सातव्या जोडीची भागीदारी १८६ धावांची होती. संकट आल्याखेरीज हा गृहस्थ फलंदाजी मनावर घेत नाही की काय, अशी शंका यावी असे हे योगायोग आहेत. मालिका भारताने १-० अशी जिंकली.

त्यानंतर त्याच उन्हाळ्यात इंग्लंड. पहिल्या दोन कसोटी अनिर्णित राहिल्या आणि तिसरी १९ ऑगस्टपासून लंडनच्या ओव्हल मैदानावर सुरू झाली. इंग्लंडने पहिल्या डावात ३५५ धावा केल्या. सोलकरांनी तीन बळी घेतले होते. यष्टीरक्षक ॲलन नॉट यांच्या ९० धावा भारताला चांगल्याच महाग पडल्या होत्या. भारताच्या २८४ धावांत सोलकरांचा वाटा ४४ चा. एकाहत्तर धावांनी मागे पडलेल्या संघाने त्या मैदानावर सामना जिंकावा, असे कोणासही वाटत नव्हते.

दुसऱ्या डावात चंद्रशेखर यांनी जी गोलंदाजी केली तिचे वर्णन अनेकांनी केले आहे. अडतीस धावांत सहा बळी. कीथ फ्लेचर खातेही न उघडता शॉर्ट लेगला सोलकरांच्या हाती गेले. मग नॉट आले. पहिल्या डावातील त्यांची खेळी सर्वांच्या स्मरणात ताजी होती. तो एक काटा निघाला नाही तर सामना निसटणार हे मैदानातील प्रत्येकाला कळत होते. वेंकटराघवन यांच्या चेंडूवर नॉट यांनी पुढे येऊन बचाव केला. चेंडू कड घेऊन पॅडला लागला आणि पुढे, खेळपट्टीच्या दिशेने, खाली पडू लागला. शॉर्ट लेगचा क्षेत्ररक्षक साधारणपणे तेथे पोहोचत नाही. सोलकरांनी पूर्ण लांबीचा सूर मारला आणि जमिनीपासून काही बोटे वर असताना चेंडू पकडला. ते आडवे पडलेले, हात पुढे ताणलेले, आणि नॉट अविश्वासाने मागे पाहत असलेले, हे छायाचित्र क्रिकेटच्या पुस्तकांतून आजही भेटते. इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला. भारताने १७३ धावांचे लक्ष्य सहा गडी गमावून २४ ऑगस्ट रोजी गाठले. १९३२ पासून इंग्लंडमध्ये कसोटी खेळणाऱ्या भारताचा त्या भूमीवरील हा पहिला विजय आणि पहिला मालिका विजयही.

आमच्या मते त्या झेलाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या अवघडपणात नाही. नॉट यांनी चेंडू जेथे मारला ती जागा तंत्रशुद्ध फलंदाजाच्या दृष्टीने सुरक्षित होती. मऊ हातांनी चेंडू पायाशी पाडावा, हीच तर शिकवण. सोलकरांनी ती जागाही असुरक्षित करून टाकली. त्यानंतर पुढे येऊन बचाव करावा तरी कोठे, हा प्रश्न फलंदाजांच्या मनात घर करून बसला. १९७२-७३ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला तेव्हा पाच कसोटींत त्यांनी बारा झेल घेतले आणि भारताने ती मालिकाही २-१ ने जिंकली. १९७२ च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकऱ्यांत क्रिकेटमधून दोन नावे होती, चंद्रशेखर आणि सोलकर. ज्याच्या गोलंदाजीवर झेल उडत आणि जो ते टिपत असे, त्या दोघांना एकाच वर्षी गौरविण्याची बुद्धी कोणाला झाली ते सांगता येणार नाही, परंतु ती योग्य होती.

मुंबईसाठीही त्यांनी असेच काही पराक्रम केले. १९७२-७३ च्या रणजी करंडकाचा अंतिम सामना मद्रासच्या फिरत्या खेळपट्टीवर तामिळनाडूविरुद्ध झाला. तो तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर संपला, हे ऐकून नव्या पिढीला नवल वाटेल. पद्माकर शिवलकर यांनी पहिल्या डावात आठ बळी घेतले. तामिळनाडूचा दुसरा डाव ६१ धावांत गुंडाळला गेला तेव्हा शिवलकर आणि सोलकर यांनी पाच-पाच बळी वाटून घेतले होते.

पुढचा काळ चढउतारांचा. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात जेफ्री बॉयकॉट यांच्यासारखा चिवट सलामीवीर सोलकरांच्या साध्या दिसणाऱ्या मध्यमगती चेंडूंपुढे चाचपडला. मँचेस्टरच्या कसोटीनंतर बॉयकॉट संघातूनच बाजूला झाले. त्याच दौऱ्यात लॉर्ड्सवर भारताचा डाव अवघ्या ४२ धावांत कोसळला. त्यांतील अठरा धावा सोलकरांच्या आणि त्याही नाबाद. दुसरा कोणताही फलंदाज दोन आकडी धावसंख्येपर्यंत पोहोचला नाही. जानेवारी १९७५ मध्ये मुंबईच्या नव्या वानखेडे स्टेडियमवर पहिली कसोटी झाली, तीत वेस्ट इंडिजविरुद्ध सोलकरांनी १०२ धावा काढल्या. त्यांचे हे एकमेव कसोटी शतक. ज्या हिंदू जिमखान्यात ते वाढले तेथून हे मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

सत्तावीस कसोटी, १०६८ धावा, पंचवीसची सरासरी, अठरा बळी. केवळ हे आकडे पाहणाऱ्याला सोलकर एक बेताचे अष्टपैलू वाटतील. गरिबांचे सोबर्स हे त्यांना मिळालेले नाव कौतुकाचे असले तरी त्यात थोडी कमीपणाची छटा होतीच. फलंदाजीत त्यांना मोठे सातत्य राखता आले नाही आणि गोलंदाजीत बळी महाग पडले, हे आम्हीही नाकारीत नाही. परंतु त्याच सत्तावीस कसोटींत त्यांनी त्रेपन्न झेल घेतले. दर सामन्यास जवळजवळ दोन. ऑस्ट्रेलियाचे बॉब सिम्पसन हे स्लिपमधील थोर क्षेत्ररक्षक मानले जातात, त्यांचे बासष्ट कसोटींत ११० झेल आहेत. राहुल द्रविड यांनी १६४ कसोटींत २१० झेल घेतले. प्रमाण काढून पाहिले तर सोलकर दोघांच्याही पुढे आहेत. यष्टीरक्षक वगळता वीस वा अधिक कसोटी खेळलेल्यांत त्यांचे हे प्रमाण अव्वल मानले जाते.

केवळ क्षेत्ररक्षणासाठी एखाद्याला संघात घ्यावे का, हा वाद तेव्हाही होता व आजही आहे. निवड समितीला धावा आणि बळी मोजता येतात. न झालेल्या धावा, न खेळला गेलेला फटका, भीतीपोटी चुकलेला पाय यांची मोजणी कोणी करीत नाही. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, कोलकात्यातील इंग्लंडविरुद्धच्या सामन्यानंतर, सोलकरांची कसोटी कारकीर्द थांबली. मुंबईसाठी ते १९८०-८१ पर्यंत खेळत राहिले. ज्या वयात शॉर्ट लेगचा अनुभव परिपक्व होतो त्या वयात त्यांना बाहेर बसावे लागले, ही गोष्ट आम्हांस आजही खटकते. कदाचित बॅटपासून सात फुटांवर घालविलेल्या वर्षांनी त्यांच्या चपळाईतून आपले मोल वसूल केलेही असेल. तरीही त्यांच्यानंतर त्या जागी तसा भरवशाचा माणूस भारताला कित्येक वर्षे मिळाला नाही.

आज त्या जागेवर हेल्मेट, नडगीचे पॅड आणि छातीचे संरक्षण घालून खेळाडू उभे राहतात आणि बहुधा संघातील सर्वांत नवख्या मुलाला तेथे धाडले जाते. ऑक्टोबर २०१७ पासून क्षेत्ररक्षकाने घातलेल्या हेल्मेटवर आपटून उडालेला चेंडू झेलला तरी फलंदाज बाद ठरतो. सोलकरांच्या काळात डोक्यावर आपटलेला चेंडू थेट कवटीवरच आपटत असे.

एकनाथ सोलकर यांचे २६ जून २००५ रोजी मुंबईत हृदयविकाराने निधन झाले. सत्तावन्न हे काही जाण्याचे वय नव्हे. संघातील सहकारी त्यांना एकी म्हणत. त्यांच्या निधनानंतर अकरा दिवसांनी, ७ जुलै रोजी, इंग्लंडमधील लीड्स येथे एकदिवसीय क्रिकेटमध्ये बाराव्या गड्याला पूर्ण खेळाडूचा दर्जा देणारा सुपरसबचा नियम प्रथमच अमलात आला. त्यामुळे सामन्याच्या मध्यात एका खेळाडूच्या जागी दुसरा आणता येई, मैदानातील क्षेत्ररक्षक मात्र अकराच राहत. हा नियम २००६ मध्येच गुंडाळण्यात आला. २०२३ पासून आयपीएलमध्ये इम्पॅक्ट प्लेयर या नावाने तशीच सोय पुन्हा आली आहे. तिचा लाभ घेताना कर्णधार जादा फलंदाज किंवा जादा गोलंदाज उतरवितात. केवळ शॉर्ट लेगसाठी कोणी माणूस बदलल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.